मागच्या पानावरची ओळ

(कुंभकोणम. वत्सलाचं वकिलीचं ऑफिस. समोर तिची भाची नंदिता आणि नंदिताचा नवरा साईकुमार.)

नंदिता: ...धक्का नाही, आवाज नाही, काही नाही. दिवा विझावा तशी गाडी बंद पडली. पुढची चाकं रुळांच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि आम्ही मधोमध.

वत्सला: फाटक कोठलं?

नंदिता: तिरुविडैमरुदूर सोडून आडुतुरैकडे निघालं की लागतं ते. मी पुन्हा किल्ली फिरवली. टक्‌सुद्धा नाही. आणि तिकडे फाटकाची घंटा सुरू झाली.

साईकुमार: रेल लांब होती, मावशी. फाटकवाल्यानं नंतर सांगितलं, पुष्कळ वेळ होता म्हणून.

नंदिता: नंतर सांगितलं! तेव्हा कोण सांगत होतं मला? मावशी, मी उतरून मागचं दार उघडायला गेले, तर ते उघडेना. कुलपं अडकलेली. आत सासूबाई. दोन्ही हात काचेला लावून माझ्याकडे बघतायत.

वत्सला: मग?

नंदिता: मग पुढून आत शिरले आणि दोन सीटांच्या फटीतून त्यांना ओढून काढलं. सत्तर वर्षांची बाई! चपला आतच राहिल्या. फाटकवाला धावला, चहाच्या दुकानातली माणसं धावली, त्यांनी ढकलून गाडी पलीकडे नेली. आज नऊ दिवस झाले त्याला. सासूबाई रिक्षातसुद्धा बसत नाहीत. परवा त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते राहिलं.

वत्सला: बस जरा, नंदिता. उभ्या उभ्या बोलूं नको.

नंदिता: बसवत नाही मला.

वत्सला: सरि, उभी राहा. साई, तुम्ही तरी कॉफी घ्या, निवते आहे. आणि दोघे ऐका. मी आज मावशी नव्हे, वकील आहे. मज असकं, अगदी सगळं, पहिल्यापासून सांगा. गाडी कधी घेतली, कोणापासून?

साईकुमार: जानेवारीत. पोंगलच्या आधी. सेतुरामकडून. चेन्नई रस्त्याला त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे.

वत्सला: एकादशीच्या भजनाला टाळ धरतो, तो सेतुराम?

साईकुमार: तोच. ह्या गावात घरात मराठी बोलणारी माणसं ती किती उरली? त्यातला हा एक. माझे आप्पा गेले तेव्हा सकाळपर्यंत माझ्याजवळ बसून होता. म्हणून तर त्याच्याकडे गेलो.

वत्सला: त्यानं स्वतःची घरची गाडी विकली, की दुकानातली?

साईकुमार: दुकानातली. वीस-पंचवीस उभ्या असतात.

वत्सला: बरं झालं. घरची विकली असती तर दिवाणी दावा लावावा लागला असता, वर्षं गेली असती. तो व्यापारी, तुम्ही गिऱ्हाईक, म्हणून तंजावरचं ग्राहक आयोग. आरसी बुक कोणाच्या नावावर?

नंदिता: माझ्या. पैसेही माझेच, सहा वर्षं साठवलेले. तुला ठाऊक आहे, मी गावोगावच्या पेशंटकडे जाते व्यायाम द्यायला. मशीनची ती पिशवी खांद्याला अडकवून दोन-दोन बस बदलायच्या. लोकांचे खांदे बरे करता करता माझाच खांदा गेला.

वत्सला: गाडी तूंच चालवतेस? ड्रायव्हर, भाडं, काही नाही?

नंदिता: मीच. का?

वत्सला: त्यांचा वकील म्हणेल, धंद्यासाठी घेतली, म्हणजे ही ग्राहक नव्हे. आपण म्हणूं, स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवते. कायद्यात तेवढी जागा आहे. पुढें. मेकॅनिक काय म्हणतो?

नंदिता: स्वामीनाथ म्हणून आहे, तीस वर्षं तेच काम करतो. त्यानं कार्पेट उचललं आणि मला बोलावून दाखवलं. खाली गाळ, मावशी. वाळलेला, बारीक, नदीकाठी असतो तसा. सीटांचे रूळ गंजलेले. डॅशबोर्डच्या मागे वायरींच्या जुडग्यावर चिखलाची रेघ, इथपर्यंत. माझ्या छातीपर्यंत पाणी येईल एवढ्या उंचीवर.

वत्सला: म्हणजे पुरातली गाडी.

नंदिता: चेन्नईच्या पुरातली असेल, म्हणाला तो. अजून आहे. एअरबॅग बिघडली की समोर एक लाल दिवा लागतो ना, त्या दिव्याची वायर कापलेली आहे. गंजून तुटली नाही. पकडीनं कापलीय. दिवा लागूच नये म्हणून.

वत्सला: एअरबॅग चालतात?

नंदिता: एकही नाही. पाच महिने मी ती गाडी हायवेला घातली. स्वामीनाथ म्हणाला, अम्मा, नशीब म्हणा.

वत्सला: आणि त्यानं काही दुरुस्त केलं? हात लावला?

नंदिता: अजून नाही. दोन दिवसांत करतो म्हणाला.

वत्सला: नको. एक स्क्रूसुद्धा फिरवूं देऊं नको. आयोग आपला माणूस नेमून गाडी तपासून घेतं. तोंवर आहे तशी झाकून ठेवायची. स्वामीनाथकडून कागदावर लिहून घे, त्याची सही, तारीख. फोटो काढ, त्या कापलेल्या वायरचा जवळून. मी उद्या सेतुरामला नोटीस पाठवतें. पंधरा दिवस देऊं. उत्तर नाही आलं, की तक्रार. दोन वर्षांची मुदत असते, आपले पाच महिनेच झालेत. आणि गाडीची किंमत पाच लाखांच्या आंत, म्हणून फीही पडत नाही. वकीलही लागत नाही खरं तर.

नंदिता: तू लागतेस.

वत्सला: मी आहेंच. साई, तुम्हाला काय वाटतं?

साईकुमार: मावशी, केस नको.

नंदिता: काय?

साईकुमार: म्हणजे तसं नव्हे... मी काय म्हणतो, त्यानं कागदावर लिहून घेतलंय. गाडी जशी आहे तशी घेतली, नंतर तक्रार नाही. माझी सही आहे. मग केस कशी उभी राहणार? तारखा, खेटे, आणि वर भजनाच्या लोकांत तोंड दाखवायला जागा नाही. त्यापेक्षा दुसरी सोपी वाट आहे.

वत्सला: ‘जशी आहे तशी’चा अर्थ, दिसतं ते पत्करलं. वायर कापून दिवा विझवला, तें कोणाला दिसतं? लपवाछपवीला तो कागद झाकण होत नाही. दुसरी वाट कोणती?

साईकुमार: ते... पाच वाजता एक जण येतोय. गाडी बघायला.

नंदिता: कोण येतोय?

साईकुमार: हरिकृष्ण म्हणून आहे. तिरुविसनल्लूरचा. आपल्यातलाच. आडुतुरैला भाताच्या संशोधन केंद्रात नवीन लागलाय.

नंदिता: सकाळी तुम्ही म्हणालात पाचला मेकॅनिक येणार. म्हणून मी संध्याकाळचे दोन पेशंट पुढे ढकलले.

साईकुमार: सांगणार होतो.

नंदिता: कधी? माझी सही लागली की?

वत्सला: नंदिता, थांब. साई, ह्या हरिकृष्णला तुम्ही शोधलंत?

साईकुमार: नाही. सेतुरामनं पाठवलं. फाटकावर ते झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो होतो. म्हणाला, साई, परत घेता येणार नाही, पण मी गिऱ्हाईक आणून देतो. कमिशन नको. बॅटरी चार्ज करून आण, वास जायला दोन दिवस दारं उघडी ठेव, खाली नवं कार्पेट टाक.

नंदिता: तुम्ही त्याच्याकडे जाऊन आलात, आणि मला सांगितलं नाहीत.

साईकुमार: तू तेव्हा आईपाशी होतीस.

वत्सला: हरिकृष्णच्या घरी कोण कोण आहेत?

साईकुमार: बायको आहे. दोन मुली. एकीला शाळेत सोडून पुढे कामावर जायचं, म्हणून गाडी हवी.

नंदिता: आणि तेच फाटक त्याच्या वाटेवर.

साईकुमार: मला ठाऊक आहे ते फाटक कुठे आहे!

वत्सला: ओरडूं नका. बाहेर दुसरे पक्षकार बसलेत. साई, मी एकदांच सांगतें. आरसी नंदिताच्या नावावर, म्हणजे विकणार ती. आज तुम्हां दोघांना ठाऊक आहे गाडीत काय आहे. ठाऊक असून न सांगतां विकली, तर सेतुराम सुटला आणि त्याच्या जागी नंदिता उभी राहिली. उद्या तो हरिकृष्ण ह्याच खुर्चीत बसून मज विचारेल, अम्मा, काय करूं? आणि मज त्याला असकं हेंच सांगावं लागेल, नोटीस, तक्रार, फसवणूक. फक्त नाव बदलून.

साईकुमार: थांबा, फोन वाजतोय.

नंदिता: कोणाचा?

साईकुमार: कोणाचा नाही.

नंदिता: दाखवा. सेतुराम. उचला ना. उचला, आणि सांगा त्याला आम्ही कुठे बसलोय ते.

साईकुमार: नंतर बोलेन.

वत्सला: नका उचलूं. आज त्याच्याशी काहीं बोलायचं नाही. जें बोलायचं तें कागदावर. अरे हो, कागद. सेतुरामनं दिलेली पावती आणलीत?

साईकुमार: ही घ्या. झेरॉक्स आहे.

वत्सला: हें पहिलं पान. खाली लिहिलंय, ‘मागे पाहा’. मागचं पान कोठें आहे?

साईकुमार: मागे काही नाही, मावशी. छापील नियम असतात तसले.

वत्सला: मज नियमच वाचायचे असतात. मूळ कागद आहे ना? त्या पिशवीतून डोकावतो आहे तो नव्हे?

साईकुमार: तो... हो. पण तो वेगळा...

नंदिता: द्या इकडे. घे, मावशी.

वत्सला: हम्. नियम आहेत. एक ते आठ. आणि ही खाली पेननं लिहिलेली ओळ. तमिळांत. नंदिता, ही तूं वाचलीस कधी?

नंदिता: मी मागचं पान बघितलंच नाही. सह्या ह्यांनीच केल्या, मी त्या दिवशी पेशंटकडे होते. काय लिहिलंय?

वत्सला: साई, तुम्ही सांगतां, की मी वाचूं?

साईकुमार: वाचा.

वत्सला: ‘गाडीला पूर्वी पुराचं पाणी लागलेलं आहे हे सांगितलं. त्याबद्दल किंमत चाळीस हजार कमी केली. पसंत आहे.’ खाली सही. एस. साईकुमार.

नंदिता: पुन्हा वाच.

वत्सला: नंदिता...

नंदिता: तुम्हाला ठाऊक होतं.

साईकुमार: त्यानं सांगितलं, चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं म्हणून. रस्त्यावर उभी होती, खालून भिजली, धुतली, संपलं. आत थेंब गेला नाही. हेच शब्द, नंदिता. आईची शपथ.

नंदिता: आईची शपथ घेऊ नका! तुमची आई मागच्या सीटवर होती.

साईकुमार: मला कुठे ठाऊक होतं आत चिखल आहे ते! तुझ्याकडे होते तेवढ्यात बसणारी दुसरी गाडीच नव्हती. एक होती, ती दोनशे किलोमीटरसुद्धा धड गेली नसती. आणि ही पांढरी, चकचकीत. सेतुराम म्हणाला, चाळीस कमी करतो, घेऊन टाक, बायको खूश होईल. मला वाटलं, पोंगलला दारात गाडी उभी राहील. तू पिशवी घेऊन बसस्टँडवर उभी असायचीस ना, मी शाळेच्या व्हॅनमधून बघायचो. हात करायचो. माझ्या पगारात तुला एक गाडी घेऊन देता येत नाही हे रोज दिसायचं.

नंदिता: मी मागितली होती का तुमच्याकडे?

साईकुमार: नाही. तेच तर.

नंदिता: मला एवढंच सांगायचं होतं, ‘पाणी लागलेलं आहे.’ तीन शब्द. मी म्हणाले असते, नको. सहा महिने अजून बसनं गेले असते.

साईकुमार: म्हणून सांगितलं नाही.

नंदिता: आणि पाच महिने? रोज सकाळी निघताना, पोचलीस की फोन कर. विसरले तर तुमचा फोन. पेशंट म्हणायचे, अम्मा, सर तुमच्यावर किती जीव टाकतात. मीही तेच समजले.

साईकुमार: जीव टाकतच होतो.

नंदिता: नाही. तुम्हाला भीती वाटत होती. गाडीत काय आहे याची तुम्हाला शंका होती, आणि ती तुम्ही माझ्या हाती चालवायला दिलीत.

वत्सला: पाणी घे, नंदिता. बस. आता तरी बस.

नंदिता: केस संपली ना, मावशी? सांगून विकली, सही आहे, म्हणजे सेतुराम सुटला.

वत्सला: कमजोर झाली. ठाऊक असलेल्या दोषाबद्दल गिऱ्हाइकाला भांडतां येत नाही, तो हें पान सगळ्यांत आधी पुढे करील. पण संपली नाही. त्यानं निम्मं चाक सांगितलं, गाळ आहे डॅशबोर्डच्या मागे. त्यानं वायर कापल्याचं कोठें लिहिलंय? एअरबॅगचं नाव तरी आहे ह्या ओळींत? अर्धं सांगून उरलेलं गिळलं, तेंही लपवणंच. मात्र एक आहे.

साईकुमार: काय?

वत्सला: ही ओळ आपणच सांगायची. तक्रारीच्या पहिल्या पानावर. माझ्या नवऱ्याला अमुक इतकं सांगितलं, त्यानं तितकं पत्करलं, मज सांगितलं नाही, आणि प्रत्यक्षांत एवढं निघालं. तुमचं शपथपत्र लागेल, साई. तुम्हाला उलट विचारतील. बायकोला का नाही सांगितलं, हेंही विचारतील.

साईकुमार: सगळ्यांसमोर?

वत्सला: दोन-तीन सदस्य, दोन वकील, एक टायपिस्ट. आणि सेतुराम.

साईकुमार: मावशी, मी शाळेत गणित शिकवतो. मुलांना सांगतो, उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या खोट्या लिहू नका.

वत्सला: मग तुम्हाला अवघड जाऊं नये.

नंदिता: किती वाजले?

वत्सला: साडेचार व्हायला आले.

नंदिता: तो निघाला असेल. त्याला फोन लावा.

साईकुमार: तू बोलतेस?

नंदिता: मी का? मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

साईकुमार: मावशी, तुम्ही नीट सांगाल, कायद्याच्या...

वत्सला: मी त्याची वकील नव्हे. लावा तुम्ही.

साईकुमार: सरि. लावतो. ...हॅलो, हरिकृष्ण? मी साईकुमार बोलतो. कुठवर आलात? ...बसस्टँडला? बायको पण आहे? ...बरं, बरं. ऐका. येऊ नका. ...नाही, दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. गाडी चांगली नाही. ...हो, पुरात बुडालेली आहे. चाकापर्यंत नाही, पार आतपर्यंत. एअरबॅग चालत नाहीत. रुळांवर बंद पडली, माझी आई आत होती. ...काय म्हणाले ते तुम्हाला? ...थेंबसुद्धा नाही म्हणाले? ...हो. मला ठाऊक होतं. सगळं नाही, थोडं. तरीही तुम्हाला बोलावलं. ...नाही, तुमचं बरोबर आहे. बोला. बोला तुम्ही, मी ऐकतोय. ...हो. हो. ...ठेवतो.

नंदिता: काय म्हणाला?

साईकुमार: म्हणाला, माझ्या मुली बसणार होत्या त्यात.

वत्सला: आणिक?

साईकुमार: आणखी जे म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही. तमिळमध्ये म्हणाला.

वत्सला: सेतुरामनं त्याला काय सांगितलं होतं म्हणालात? शब्द सांगा, मी लिहून घेतें.

साईकुमार: ‘गाडीला पाण्याचा थेंबसुद्धा लागलेला नाही.’

वत्सला: त्याचा नंबर द्या मज. आज नको, दोन दिवसांनी मी स्वतः जाईन त्याच्याकडे. आज तो शिव्या देईल, आणि बरोबरच देईल.

नंदिता: मी घरी जाते, मावशी. सासूबाई एकट्या आहेत. मी चालत जाते.

साईकुमार: मीही येतो.

नंदिता: नको. तुम्ही शपथपत्र लिहा आधी. सगळं. चाळीस हजारांसकट.

(अकरा महिन्यांनी. तंजावरहून कुंभकोणमला परतणारी बस. नंदिता आणि साईकुमार शेजारी शेजारी.)

साईकुमार: पापनाशम गेलं का?

नंदिता: आत्ताच गेलं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात.

साईकुमार: झोपलो नव्हतो. तो निकालाचा कागद पुन्हा दाखव.

नंदिता: तिसऱ्यांदा वाचताय. गाडी परत घ्यायची, किंमत व्याजासह द्यायची, पाच महिने वापरली त्याचे थोडे कापून. वर मनस्तापाचे. सहा आठवड्यांत. नाहीतर त्यानं चेन्नईला अपील करायचं.

साईकुमार: करेल अपील?

नंदिता: मावशीला विचारलं. ती म्हणाली, विमा कंपनीच्या कागदांनंतर करायची हिंमत होणार नाही. गाडी पूर्ण निकामी म्हणून विमा कंपनीनं पैसे भरून टाकले होते, आणि ती सेतुरामनं लिलावात उचलली. तेव्हापासून सगळं ठाऊक होतं त्याला.

साईकुमार: मला वाटतं कागदांपेक्षा हरिकृष्णच्या साक्षीनं झालं. त्या दिवशी एवढा भांडलेला माणूस, रजा टाकून आला. चहासुद्धा घेतला नाही माझ्याकडून.

नंदिता: माझ्याकडून घेतला. म्हणाला, अक्का, तुमच्या घरचा राग आहे मला, पण ज्यानं फोन केला त्याच्यासाठी आलोय.

साईकुमार: असं म्हणाला?

नंदिता: तेव्हा तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही.

साईकुमार: आणि आज सेतुरामच्या वकिलानं ती ओळ पुन्हा वाचली बघ. निकालाच्या आधी, शेवटची म्हणून. तुम्ही स्वतःच्या बायकोपासून लपवलंत, मग माझ्या पक्षकाराला काय बोलता? साक्षीच्या दिवशीही हेच. त्या दिवशी मी जमिनीकडे बघत बोललो होतो. आज वकिलाकडे बघत होतो.

नंदिता: त्या दिवशी काय उत्तर दिलंत ते आठवतं?

साईकुमार: म्हणालो, हो, लपवलं. ती माझी चूक, तिचं उत्तर मला घरी द्यायचं आहे. वायर कापल्याचं उत्तर त्यांनी इथे द्यावं.

नंदिता: मावशीनं शिकवलं होतं ना?

साईकुमार: नाही. मीच.

नंदिता: मला वाटलं मावशीनं.

साईकुमार: भजनाला जाऊ का पुन्हा? ह्या एकादशीला?

नंदिता: त्यांनी तुम्हाला बोलावलंय का?

साईकुमार: कोणी नाही बोलावलं. कोणी येऊ नको असंही म्हटलं नाही.

नंदिता: सासूबाईंना घेऊन जा. दोन्ही डोळ्यांनी दिसतंय आता, त्यांना तेवढंच हवंय. बसनं जायचं म्हणाल्या तर बसनं न्या, आता बसतात. फक्त कोपऱ्यातली सीट नको म्हणतात, दाराजवळची हवी.

साईकुमार: तू येशील?

नंदिता: बघू.

साईकुमार: नंदिता.

नंदिता: काय?

साईकुमार: एक सांगायचं आहे.

नंदिता: आता काय?

साईकुमार: शाळेत तपासणी झाली आमची. रक्ताची. साखर निघाली मला. बरीच आहे म्हणाले, गोळ्या चालू कराव्या लागतील.

नंदिता: कधी झाली तपासणी?

साईकुमार: रिपोर्ट मंगळवारी आला.

नंदिता: आज शुक्रवार.

साईकुमार: हो. तीनच दिवस झाले.